पोलिश लोकांचं अडलेलं टपाल

अमेरिकेत सहा महिने राहायचं ठरवून मी गेले आणि तेविसाव्या दिवशी मिरजेत परत आले. नायगारा पाहिला नाही, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा विमानातूनसुद्धा दिसला नाही. पाहिलं काय, तर पोलंड नावाच्या देशातून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेल्या लोकांचं एक प्रदर्शन. हे सांगितलं की आमच्या कॉलनीतल्या बायकांचे चेहरे पडतात. "एवढ्या लांब जाऊन पोलंड पाहिलंत?" असं विचारून त्या मुलांच्या ट्यूशनवर बोलायला लागतात. म्हणून एकदाच लिहून काढते. ज्यांना नायगारा हवा असेल त्यांनी इथेच थांबावं.

मी टपाल खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रजिस्टर पत्रांच्या काउंटरवर. तो सगळा काळ मी एकही पत्र अडवलं नाही आणि कुणाला अडवू दिलं नाही. निवृत्तीच्या भाषणात साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली होती, पण मनातून फुगले होते. अशा बाईवर घरच्यांनी जे काम सोपवलं ते आधी सांगते.

माझी मोठी बहीण अक्का आणि तिचे यजमान, आमचे दाजी, मिरजेतच राहतात. त्यांची मुलगी मृण्मयी न्यू जर्सीत, पार्सिपनीला. तिनं हौसेनं माझं तिकीट काढलं, आणि निघायला नऊ दिवस उरले असताना दाजींच्या पोटातली गाठ कर्करोगाची निघाली. डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची बोलू लागले. मग घरच्यांनी, खुद्द दाजींसकट, बसून ठरवलं की मृणूला कळवायचं नाही. तिच्या पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत संपली होती. तिथे राहायला, नोकरी करायला हरकत नव्हती, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की मुंबईच्या वकिलातीत तारीख मिळून नवा शिक्का बसेपर्यंत परतीची वाट बंद. ती तारीख महिनोन्महिने मिळत नाही. तिकडे नोकरी, नवरा, पाचवीतली लेक. आणि वडील आजारी म्हटल्यावर ही पोरगी कागद बघत बसणार नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी म्हटलं, माझं जाणं रद्द करा. तर मृणूचा भाऊ नंदू म्हणाला, "मावशी, तू कॅन्सल केलंस की तिला लगेच संशय येईल. तू जा. नेहमीसारखी सगळ्याला नावं ठेवत राहा, म्हणजे तिला काही कळणार नाही."

मला हे काम जमेल असं भाच्याला वाटलं, यातच काय ते आलं.

पार्सिपनी

नावं ठेवायला अमेरिकेत तोटा नाही. पहिले चार दिवस मी खिडकीत बसून रस्ता पाहिला. माणूस दिसत नाही. घराघरापुढे हिरवंगार गवत, त्यावर कुणी बसत नाही, कुणी खेळत नाही, गाय तर नाहीच. शनिवारी एकेक जण यंत्र घेऊन बाहेर येतो आणि ते कापून टाकतो. कापायचंच होतं तर वाढवलं कशाला, असं मी विचारलं, तर मृणू हसून म्हणाली, "मावशी, गवत वाढलं तर नोटीस येते गं."

टपालाची तऱ्हा तर विचारू नका. घरापासून वीस पावलांवर, रस्त्याच्या कडेला, खांबावर पत्र्याची पेटी. कुलूप नाही, कडी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं हात घालावा आणि लोकांची पत्रं काढून न्यावीत. अर्ध्या चड्डीतला पोस्टमन गाडीतून न उतरता हात लांब करून कागद कोंबतो. त्यातले निम्मे पिझ्झ्याचे. आपल्याला काही पाठवायचं असेल तर पेटीवरचं लाल निशाण उभं करायचं, की तो घेऊन जातो. ही एक गोष्ट मला आवडली, पण मी तसं बोलून दाखवलं नाही.

मृण्मयीला ऑफिसात "मिया" म्हणतात. एवढं सुरेख नाव, त्याचं हे केलं. तिच्या नवऱ्याचं, अभिजितचं, "अभि" झालंय. तो त्या दिवसांत कामासाठी टेक्सासमधल्या अर्विंगला गेला होता, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. ईरा, मृणूची लेक, मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. मला मावशीआजी म्हणते. पोर गोड आहे, पण पोळीला "टॉर्टिया" म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे पाठ केली.

रविवारी दाजींशी व्हिडिओ कॉल. तिथली तयारी काय चालते ते मला माहीत होतं. अक्का त्यांची दाढी करवून घ्यायची, त्यांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट चढवायची, पाठीला तीन उशा लावायची आणि फोन असा धरायची की गळ्याखालचं काही दिसू नये. पहिल्या रविवारी दाजी दहा मिनिटं बोलले. ईराला कोडं घातलं, मला म्हणाले, "काय शालूताई, अमेरिका पास की नापास?" मृणू म्हणाली, "बाबा, बारीक दिसताय." "सकाळी फिरायला जातो ना," दाजी म्हणाले. मी मृणूच्या खुर्चीमागे उभी राहून दात दाखवत होते. दुसऱ्या रविवारी ते चार मिनिटं बोलले. घसा बसलाय म्हणाले.

त्या रात्री जेवताना मृणूनं मला आग्रह करून दुसरी भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

गिरणीतलं जहाज

अठरावा दिवस, शनिवार. ईराच्या शाळेत देशांतराचा प्रोजेक्ट होता. "कुठलंही एक इमिग्रेशन एक्झिबिट" बघून प्रश्नांचा कागद भरून द्यायचा. मराठी लोकांचं असं काही प्रदर्शन नाही, कारण आपण अजून गणपती कुणाच्या हॉलमध्ये बसवायचा यावरच भांडतो आहोत. मग मृणूनं पाऊण तासावरचं पोलिश लोकांचं शोधलं आणि ड्राइव्ह करून आम्हाला घेऊन गेली.

नदीकाठी जुनी कापडगिरणी, लाल विटांची. पूर्वी याच पोलिश बायका इथे बारा-बारा तास उभ्या राहून माग चालवायच्या. आता तिथे त्यांच्याच हालांचं तिकीट लावून प्रदर्शन मांडलंय, आणि बाहेर कॉफीचं दुकान आहे. दारातच छातीवर चिकटवायला एक कागद दिला. आज तुम्ही कोण, ते त्यावर लिहिलेलं. मी झोफिया, वय सतरा, कपडे धुणारी. मृणू कुणी विधवा. ईराला मिशावाला खाणकामगार मिळाला, ती खूश झाली. दुसऱ्याचं दुःख छातीवर चिकटवून हिंडायचं आणि बाहेर पडताना डब्यात टाकून द्यायचं, ही सोय मला फारच स्वच्छ वाटली.

आत भिंतभर नकाशा. पोलंडातून निघालेले लाल बाण अमेरिकेपर्यंत. एका पेटीचं झाकण उघडलं की जहाजाच्या तळघरातला वास येईल, असं लिहिलं होतं. मी उघडलं. फिनेलचा वास आला. फिनेलनं पुसलेल्या जहाजातून हे लोक आले असते तर वाटेत मेले कशाला असते? पुढे पार्सलांचं कपाट. इथल्या लोकांनी मायदेशी पाठवलेली कॉफी, साबण, लोकरी मोजे. वस्तू खऱ्या असतील, पण पार्सलं कुणीतरी परवा बांधलेली. दोरीला एकच गाठ, तीही सुटायला आलेली. असं पार्सल मी काउंटरवरून परत केलं असतं.

मग जहाजाचं तळघर. लाकडी फळ्यांचे एकावर एक माच, अंधूक उजेड, आणि समुद्राचा आवाज काढणारा कुठेतरी लपवलेला स्पीकर. साडेबारा वाजले होते. बसायला जागा होती, गर्दी नव्हती, गार होतं. आपल्या माणसाला एवढं दिसलं की जे सुचतं तेच आम्हाला सुचलं. मी पिशवीतून डबा काढला. थालीपीठ, लसणाची चटणी, दही. आम्ही तिघी खालच्या माचावर मांडी घालून बसलो. दोन गोरी माणसं आली, आमच्याकडे बघून हळू आवाजात बोलली आणि त्यांनी आमचा फोटो काढला. ईरा म्हणाली, "मम्मा, दे थिंक वी आर पार्ट ऑफ द एक्झिबिट." मृणूला एवढं हसू आलं की दही तिच्या विधवेच्या कागदावर सांडलं.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक म्हातारी तरातरा आली. वांडा तिचं नाव. सत्तरी ओलांडलेली, ताठ, आजी-आजोबा पोलंडातून आलेले, आणि इथे फुकट काम करणारी. तिचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, उरलेलं मृणू सांगायची. इथे खायला बंदी आहे, हा माच सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे, असं तिनं सुनावलं. मृणू सॉरी सॉरी करत डबा आवरायला लागली. मी विचारलं, "माच खरा, तर मग वास फिनेलचा का?" मृणूनं हे भाषांतर करू नये म्हणून मला कोपर मारलं, पण ईरानं करून टाकलं.

वांडाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, खरा वास कसा होता ते तिची आजी सांगायची, कांद्याचा आणि ओकारीचा. पण तसा ठेवला तर शाळा मुलांना पाठवणार नाहीत. एवढं बोलून तिनं थालीपीठाचा तुकडा मागितला, चटणीला लावला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली. त्यानंतर ती आम्हाला सोडेना. अख्ख्या प्रदर्शनातली तेवढी एकच वस्तू मला अस्सल वाटली.

काचेच्या पेटीतली पत्रं

शेवटच्या दालनात तिनं आम्हाला नेलं. लांब काचेची पेटी, आत पत्रं. तीही नकलाच, पण नकला चांगल्या होत्या. वाकडंतिकडं अक्षर, कडेला चिमुकली अक्षरं दाटून लिहिलेली. कागद वाया घालवायचा नाही असं लिहिणाऱ्याचं अक्षर मी लांबूनही ओळखते.

वांडाबाई सांगू लागली. पोलंडचा एक मोठा तुकडा तेव्हा रशियाच्या बादशहाच्या ताब्यात होता. अमेरिकेत पोचलेली माणसं घरी पत्र लिहायची. पोचलो, काम मिळालं, सोबत बोटीचं तिकीट ठेवलंय, तू ये, पोरांना घेऊन ये. सगळी गावंच उठून निघून जातील अशी बादशहाच्या अधिकाऱ्यांना भीती वाटली. त्यांनी पत्रं अडवायला सुरुवात केली. उघडली, वाचली, क्रमानं लावली आणि कपाटात ठेवली. तिकडे बायका वर्षानुवर्षं वाट बघत बसल्या. नवरा आपल्याला विसरला असंच त्या मरेपर्यंत समजल्या. इकडे नवरे पुन्हा पुन्हा लिहीत राहिले, की तू उत्तर का देत नाहीस, रागावलीस का, जिवंत तरी आहेस का. पत्रं मात्र जपून ठेवली होती. फार वर्षांनी ती तशीच्या तशी सापडली.

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून मी ज्या गोष्टींना नाक मुरडत होते त्या सगळ्या एकदम क्षुल्लक वाटल्या. मी काचेवर बोट आपटत बोलू लागले. हा कसला कारकून! पत्र उघडायचं, वाचायचं, त्यावर क्रमांक घालायचा, आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवायचं? माणूस चोरी करतो तेव्हा त्याला लपावं तरी लागतं. यानं तर कपाट लावलं. आणि कुणी विचारलं तर म्हणाला असेल, लोकांच्या भल्यासाठी करतो, परदेशी जाऊन हाल होतील बिचाऱ्यांचे. भलं ठरवणारा तू कोण? तुझं काम पत्र पोचवायचं!

दालनातली चार माणसं वळून बघायला लागली. मृणू हसत होती. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "मावशी, तू तिथे असतीस ना, तर बादशहालासुद्धा खात्याचा नियम दाखवला असतास."

आणि ईरानं आपला प्रश्नांचा कागद पुढे केला. सातवा प्रश्न. "मावशीआजी, लिसन. इफ यू रोट अ लेटर होम, व्हॉट वुड यू हाइड? अँड व्हाय?" पेन्सिल टेकवून ती माझ्याकडे बघत राहिली.

त्या कारकुनाला मी काय काय म्हटलं होतं ते सगळं माझ्याच कानात वाजायला लागलं. अठरा दिवस. अठरा दिवस मी तिच्या घरात राहून तिचं पत्र माझ्या पदराखाली ठेवलं होतं, आणि संध्याकाळी तिच्याच हातची भाकरी खाल्ली होती. त्यानं बादशहाच्या हुकमानं केलं, मी मायेनं केलं. पण पत्र दोघांनीही अडवलंच होतं. मला स्वतःची शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

कोपऱ्यात मुलांसाठी एक टेबल होतं. पोस्टकार्डांवर खोट्या तिकिटांचे शिक्के मारायचे. मी वांडाबाईला हातानं खुणावलं, ईराला तिकडे ने. ती बाई हुशार. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पोरीचा हात धरला.

"मृणू," मी म्हटलं, "दाजींना बरं नाही."

"घसा ना? कालच आईला म्हटलं मी, की डॉक्टरला…"

"घसा नाही. कॅन्सर आहे. पोटात. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत."

ती हसतच होती. माणसाचा चेहरा बातमीच्या मागून येतो, हे मी काउंटरवर तारा देताना पाहिलंय. मग हसू गेलं.

"तुला कधी कळलं?"

"निघायच्या आधी."

"आधी?" ती म्हणाली. "म्हणजे तू आलीस तेव्हा… एअरपोर्टवर मी विचारलं, बाबा कसे आहेत, तेव्हा…"

"हो."

"आणि बाबांना माहीत आहे? त्यांनीच सांगितलं, मला सांगू नका म्हणून?"

"सगळ्यांनी ठरवलं. तुझ्या व्हिसाचं…"

"मावशी, माझा व्हिसा माझा आहे ना!" ती एवढ्या जोरात ओरडली की समोरचं दालन गप्प झालं. कोपऱ्यात ईराचा शिक्का मारण्याचा आवाज तेवढा चालू होता, ठप, ठप. मृणूनं लगेच आवाज खाली आणला. "मी जाईन की नाही जाणार, ते मी ठरवलं असतं. तुम्ही मला ठरवूच दिलं नाहीत. मी दोन रविवार बाबांना ईराच्या स्विमिंगचं सांगत बसले."

मी माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं. ती तिथेच, त्या काचेच्या पेटीला टेकून, फोनवर तिकीट बघायला लागली. मी म्हटलं, एकदा अभिजितशी बोल, परत यायचं कसं याचा विचार कर. तिनं वर न बघता सांगितलं, "तू आता काही सांगू नकोस."

मिरज

मंगळवारी आम्ही दोघी निघालो. अभिजित अर्विंगहून परत आला, ईरा त्याच्यापाशी राहिली. चौदा तासांच्या विमानात मृणू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून माझ्याशी मोजकं बोलली. पाणी हवंय का, पाय सुजलेत का, एवढंच. तिनं अबोला धरला असता तर मला सोपं गेलं असतं.

गुरुवारी घरी पोचलो. दार उघडलं अक्कानं. लेकीला बघून तिनं कपाळावर हात मारला आणि नंतर माझ्याकडे जे पाहिलं ते अजून तसंच पाहते. दाजी आतल्या खोलीत होते. पहिल्या रविवारी कोडं घालणारे दाजी आता पाणी चमच्यानं घेत होते. त्यांनी मृणूला ओळखलं. ओठ हलले. तिनं कान जवळ नेला, पण शब्द काही लागला नाही. त्यांनी तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला. ती नऊ दिवस त्या कॉटपासून हलली नाही. दहाव्या दिवशी दाजी गेले.

आता पाच महिने होत आले. वकिलातीची तारीख दोनदा पुढे गेली. मृणूच्या कंपनीनं आधी सवलत दिली आणि मग नोकरी संपल्याचं दिलगिरीचं पत्र पाठवलं. ईरा रोज शाळेतून आली की फोन करते, आणि हल्ली ती आईशी मराठीत बोलायचा प्रयत्न करते, ते ऐकवत नाही. सगळे म्हणाले होते ते अक्षरन्‌अक्षर खरं झालं. अक्का माझ्याशी बोलत नाही. नंदू बोलतो, पण "मावशी, तुझ्यावर विश्वास ठेवला होता" हे प्रत्येक वाक्याच्या पाठीमागे ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात मृणू माझ्याकडे आली होती. मी चहा टाकला आणि इतके दिवस घशाशी आलेलं विचारून टाकलं. "मी सांगितलं ते चुकलं का गं?"

तिनं हातातला रिकामा कप खाली ठेवला. "नाही. ते तू बरोबर केलंस. नसतंस सांगितलंस तर मी तुमच्यापैकी कुणाचंही तोंड पाहिलं नसतं."

मला बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलंही असावं, कारण ती थांबली नाही.

"पण पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर बाबा माझ्याशी बोलले असते."

चहा उतू गेला होता. ती उठली आणि गॅस बंद केला.